सोडून गेलेल्यांच्या दारी

विद्यापीठात एक बाई योजनांचे मूल्यमापन शिकवीत असत. एखादी योजना लोकांच्या खरोखर उपयोगी पडते की नुसतीच चालू राहते, हे तपासणारी माणसे त्या घडवीत. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘मोजपट्टी’ म्हणत. बाईंना हे ठाऊक होते आणि त्याचा राग येत नसे.

त्या वर्षी मात्र बाईंच्या जिवाला घोर लागला. विभागप्रमुखांनी बजावले होते, की यंदाही मुलांना कोणी नोकरी दिली नाही, तर हा अभ्यासक्रम बंद होईल. म्हणून मुलांना काम मिळेल का, हे विचारायला बाई स्वतः एका संस्थेत गेल्या. ती संस्था स्त्रियांसाठी शिवणवर्ग चालवीत असे. तेथील संचालिका ही बाईंचीच जुनी विद्यार्थिनी होती.

“मॅडम, रागावू नका,” चहाचा कप पुढे सरकवीत ती म्हणाली, “तुमची मुलं आकडेमोडीत वाघ आहेत. पण गेल्या वर्षी आमच्या वर्गांची पाहणी करताना त्यांनी विचारलं कुणाला? वर्गात बसलेल्या बायकांना! सगळ्या म्हणाल्या, छान. अहवालात सगळे समाधानी!”

“मग चुकलं कुठे?”

“अहो, ज्यांना जमलं नाही त्या वर्गात कशाला बसतील? निम्मा वर्ग गळालाय. तो का गळाला, हे शोधणारं माणूस हवंय मला.”

बाई ओशाळल्या. त्या पाहणीची प्रश्नावली त्यांनीच मंजूर केली होती.

“हे तुला कुणी शिकवलं गं?”

“नोकरीनं. तुम्ही नाही!”

दोघीही खळखळून हसल्या.

बाईंनी शेवटचे सत्र वर्गाबाहेर नेले. शिवणवर्ग सोडून गेलेल्या स्त्रियांच्या घरी त्या विद्यार्थ्यांसह जाऊ लागल्या. पहिल्याच दारात एका विद्यार्थिनीने उभ्यानेच कागद वाचायला घेतला.

“अगं, पोलिसासारखी काय उभी राहिलीस? टेक आधी,” घरातील आजी म्हणाल्या.

मुलगी बसली. कागद आपोआप बाजूला राहिला. मग सून बोलू लागली, “शिवण फार आवडायचं हो. पण वर्ग सुटेपर्यंत आमचं पोर शाळेच्या फाटकाशी रडत उभं असायचं.”

पुढेही बहुतेक घरांतून हेच ऐकू आले. विद्यार्थ्यांनी ते साध्या शब्दांत संस्थेला कळविले. वर्गाची वेळ अलीकडे आणण्यात आली आणि गेलेल्यांपैकी बऱ्याच स्त्रिया परतल्या. संचालिकेने त्या विद्यार्थिनीला व तिच्या एका वर्गमित्राला नोकरीवर घेतले, तेव्हा अभ्यासक्रम चालू ठेवायला विभागप्रमुखांचीही हरकत उरली नाही.

नव्या प्रवेशाची सूचना बाईंनी फलकावर स्वतःच्या हाताने लावली. घाईत टाचणी बोटाला टोचली, तरी त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू काही मावळले नाही.