इटालियन कारकून आणि आप्पांचा रिपोर्ट

गेल्या वर्षी होळीनंतरच्या सोमवारी माझ्या वडिलांनी फुफ्फुसाच्या तपासणीचा रिपोर्ट आणायला नकार दिला. तो तयार असल्याचा लॅबचा फोन शनिवारीच आला होता. आप्पांची नोकरी पांडेसऱ्यात, कापड रंगवण्याच्या कारखान्यात झाली. एक्स-रेत डाग दिसला होता. कॅन्सर आहे की नाही, ते त्या कागदावरून कळणार होतं.

"मी आणतो," मी म्हणालो.

"तुझ्या तोंडावरूनच कळेल. राहू दे."

त्या आठवड्यात मी आमच्या पेपरच्या रविवारच्या पुरवणीसाठी आधुनिक इटालियन कादंबरीतल्या मरणाच्या धास्तीवर लेख लिहीत होतो. पुस्तकं इंग्रजी अनुवादातली. एका कादंबरीत बंदरावरच्या कारकुनाला आपण मरणार असं वाटू लागतं. तो रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जातो आणि परत फिरतो. मंगळवारी आप्पांनी विचारलं, काय वाचतोस. मी सांगितलं.

"फाटकावरून परत?" त्यांनी खुर्ची ओढली. "पुढे?"

मी मराठी करत वाचू लागलो. कारकून नवे बूट घेतो तेव्हा आप्पांनी मांडीवर थाप मारली. "बूट झिजवल्याशिवाय मरायचा नाही हा, बघ." आईने दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा तीच येऊन बसली.

"बायको नाही का त्याला?"

"आहे. तिला सांगितलं नाही त्याने."

"सगळीकडचे सारखेच," आई म्हणाली.

गुरुवारी दुपारी थोडी पानं उरली तेव्हा मी सवयीने शेवटचं पान आधी उघडलं. आप्पांनी माझा हात धरला. "पेपरवाल्यासारखं नको. ओळीने वाच."

ओळीने वाचलं. शेवटी कारकून फाटकातून आत जातो. दार लागतं. पुस्तक संपतं.

"मरस का नई?" तावात आले की आप्पा अहिराणीवर येतात.

"लिहिलेलं नाही."

"एवढं ऐकवलं, अन् तेच नाही? तुमच्या पेपरात चालेल असं?"

"नाही. बातमी परत पाठवतील."

"आपलं तर लिहून तयार आहे ना?" ते उठून चपला शोधू लागले. "चल."

उधन्यातली लॅब सहाला बंद होते. आम्ही स्कूटरवरून पावणेसहाला पोचलो. आप्पांनी पाकीट स्वतः मागितलं आणि काउंटरवरच फोडलं. कॅन्सर नव्हता. क्षयरोग होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या सुरू झाल्या.