पत्रिकेतलं पहिलं नाव

मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर छापखान्यात दिला तेव्हा थोरल्या चुलत्यांशी आमचं बोलणं नव्हतं. बांधाच्या भांडणात अकरा वर्षं गेली होती. साखरपुड्याला मात्र ते आपणहून आले आणि जाताना म्हणाले, "पत्रिकेत माझं नाव घाल." वडील गेल्यापासून घरात मोठे तेच. निमंत्रकांत त्यांचं नाव पहिलं दिसलं, की भावकी एक झाली हे अख्ख्या कसबा बावड्याला कळणार होतं.

इचलकरंजीच्या छापखान्याने पत्रिकेची फाइल झिप करून मेलवर पाठवली, दुरुस्ती करून परत द्या म्हणाले. मी शाळामास्तर, त्यामुळे कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं अशी घरच्यांची समजूत, आणि खोटं कशाला बोलू, माझीही. झिप डाउनलोड केली, तिच्यावर दोनदा क्लिक केलं, आतली फाइल उघडून चुलत्यांचं नाव सगळ्यांत वर टाइप केलं. सेव्ह करताना काहीतरी विचारलं गेलं. असल्या सूचना वाचत बसायचा माझा स्वभाव नाही. ओके दाबलं, तीच झिप मेलला जोडून पाठवली आणि चहा मागवला.

पत्रिका आल्या त्या दिवशी मी शाळेत होतो. आमच्यात पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात आणि दुसरी भावकीतल्या थोरल्याला देतात. देवाची ठेवून धाकटा भाऊ चुलत्यांकडे निघाला होता. वाटेत एक गठ्ठा माझ्या टेबलावर टाकून गेला. तास संपवून मी एक उघडली. चुलत्यांचं नाव नव्हतं. पुन्हा वाचली, उलटी करूनही पाहिली.

भाऊ फोन उचलेना, गाडीवर असणार. मग छापखान्याला फोन लावला. तिथला माणूस शांतपणे म्हणाला की फाइल आधी झिपमधून बाहेर काढायची असते. आतल्या आत उघडून दुरुस्त केली तर ती दुसरीकडे कुठेतरी सेव्ह होते आणि झिपमध्ये जुनीच राहते. लॅपटॉपमध्ये शोधलं. भलत्याच फोल्डरमध्ये ती निवांत पडली होती, चुलत्यांच्या नावासकट.

लॅपटॉप पिशवीत घालून मी गाडी काढली. म्हाताऱ्याला वाटणार, पोराने मुद्दाम वगळलं, लग्नात डाव साधला. झिपबिप त्यांना कोण समजावणार? सिग्नलला उभा असताना मी तोंडातल्या तोंडात बोलत होतो, शेजारचा रिक्षावाला बघत होता.

पोचलो तेव्हा भाऊ येऊन गेला होता. चुलते सोप्यात चष्मा लावून बसले होते, पत्रिका मांडीवर. मी धापा टाकत झालेलं सांगितलं आणि फाइल उघडून लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. त्यांनी आपल्या नावावर बोट ठेवून ते सावकाश वाचलं.

"हाय की," ते म्हणाले. "पर ह्ये घरोघर कोण घिऊन फिरणार?"

सगळ्या पत्रिका नव्याने छापून घेतो म्हणालो. त्यांनी नको म्हणून मान हलवली. देवापुढे ठेवलेली पत्रिका बदलायची नसते, असं सांगून त्यांनी मला पाणी दिलं. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

लग्नाला ते वेळेवर आले. स्वागताला माझ्याशेजारी उभं राहा म्हणून मी त्यांचा हात धरला. तो हळूच सोडवून घेऊन ते पाहुण्यांच्या खुर्च्यांत मागे जाऊन बसले. मी दारात हात जोडून उभा होतो, आणि येणारा जो तो विचारत होता, थोरले कुठं दिसंनात.