ओल्या भिंतीचा पंचनामा

भिंतीला गाल लावून डोळे मिटलेला आमचा हवालदार आठवला, की आजही हसू आवरत नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. मी बालाघाट जिल्ह्यात ठाणेदार होतो. कटंगीजवळच्या एका गावातून रपट आली : गावजेवणाचे पितळी गंज, म्हणजे मोठाली पातेली, आणि पराती चोरीला गेल्या. ही भांडी एका म्हाताऱ्या बाबाजींच्या ताब्यात असत, आणि त्यांच्याच मुलीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं. म्हाताऱ्यानेच भांडी तुमसरच्या बाजारात नेऊन विकली, त्याच्या मांडवात कोणी जेवायला जायचं नाही, असं गावाने ठरवून टाकलं. बाबाजींनी अन्नपाणी सोडलं होतं.

खबऱ्याने बाबाजींच्या शेजाऱ्याचं घर दाखवलं. झडती घेतली. हवालदार धानाच्या कोठीत उतरला आणि अंगभर कोंडा घेऊन वर आला. हाती काही नाही. मे महिन्याची दुपार. वैतागून मी भिंतीला टेकलो, तर पाठ गार झाली. बरं वाटलं, म्हणूनच शंका आली. वरचा चुना वाळला होता, पण आतली माती अजून ओली असणार.

हवालदाराला म्हटलं, "गाल लावून बघ. गार लागेल तिथे कोळशाने खूण कर."

दारात गर्दी जमली. एक बाई म्हणाली, "अवं माय, हेड साहेब भिंतीचा मुका घेऊन राह्यले."

खुणा जोडल्या आणि भिंतीवर बुजवलेल्या दाराची चौकट उमटली.

"भिंत ओली काहून?" मी शेजाऱ्याला विचारलं.

"पावसानं, साहेब."

"मे महिन्यात?"

"मागच्या सालचा मुरला असंन."

सब्बल लावून भिंत फोडली. ओल्या मातीमागे सगळी भांडी होती. मग मात्र गडी रडायला लागला. "या बाबाजीच्या मोठ्या पोरीच्या लग्नात मले भरल्या पत्रावळीवरून उठवलं, साहेब. बराती आले म्हनून."

मुद्देमाल जप्त केला, पंचांच्या सह्या घेतल्या आणि सुपुर्दनाम्यावर सही घेऊन भांडी सांभाळायला बाबाजींकडेच दिली. गाव खाली मान घालून उभं होतं. बाबाजी म्हणाले, "साहेब, उद्या त्याले पहिल्या पंगतीत बसवा. मंग न्या कुठं न्याचं तं."

दुसऱ्या दिवशी कोर्टात नेताना गाडी मांडवापाशी थांबवली. आरोपी दोन शिपायांच्या मधे बसून जेवला. वाढायला स्वतः बाबाजी होते. गड्याने वरण दोनदा मागून घेतलं.

भिंतीतली ओल कशी शोधायची, हे पुढे मी नव्या शिपायांना शिकवलं. पण गावात चोरी झाली की माझा पहिला प्रश्न वेगळाच असे : मागच्या लग्नात पानावरून कोणाला उठवलं होतं?