चाकांआधी उंची मोजणारे करीमभाई

चांद्यात गाड्या दुरुस्त करणाऱ्या करीमभाईंना मी प्रथम पाहिले ते एका लाकूड-ठेकेदाराच्या ट्रकखाली. म्हणजे त्यांचे पायच तेवढे पाहिले. जंगलातल्या खुंटांवर पोट आपटू नये म्हणून ते पुढच्या कमानींत, म्हणजे स्प्रिंगांत, जादा पाटा घालून ट्रक उंच करत होते. मी तेव्हा डॉक्टरबाईंची मोटार चालवायचो. सिंदेवाहीकडच्या खेड्यांत बाळंतपणांसाठी त्यांना न्यायचो, आणि आमच्या मोटारीचेही पोट रोज खुंटांना लागायचे. ते काम पाहून मी मनातल्या मनात शहाणा झालो. मोटारीच्या पुढच्या स्प्रिंगांत सागाचे गुटके ठोकले आणि कोणाला सांगितले नाही.

पोट वाचले, पण नवे टायर दोन महिन्यांत बाहेरच्या कडेने गुळगुळीत झाले. तेव्हा चांद्यात टायर मिळणे मोठे कठीण, आणि टायरवाचून अडलेल्या बाळंतिणीपर्यंत पोहोचायचे कसे? माझे हाकणेच बेफाम, असे बाईंनी ठरवले. मोटार करीमभाईंना एकदा दाखवू, मग दुसरा ड्रायव्हर बघते, असे त्या म्हणाल्या.

करीमभाईंची रीत चांद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. गाडीत रोजचे वजन बसवल्याशिवाय ते चाकाला हात लावत नाहीत. बिचाऱ्या बाई औषधांची पेटी मांडीवर घेऊन तासभर मोटारीत बसल्या. करीमभाईंनी जमिनीपासून मडगार्डापर्यंत दोरीने उंची मोजली, खाली वाकले आणि गुटके त्यांच्या हाताला लागले. हे कुठे शिकलास, असे त्यांनी हळूच विचारले. तुमच्याकडे पाहून, म्हणालो.

ते सरळ बाईंकडे गेले.

"बाई, याले काढू नका. ट्रकची दोन्ही चाकं एकाच दांडीवर असतात, ते उचललं तरी चालते. कारचं एकेक चाक अलग अलग हातावर, म्हंजे आपापल्या छोट्या दांडीवर असते. गाडी उचलली का चाक बाहेर कलते आन् कडेवर चालते. हा माह्या कामाकडे पाहून राह्यला होता, अन् मी त्याले हे सांगतलंच नाई. गलती माही हाय."

माझ्या चुकीचा मोठा वाटा त्यांनी असा उचलला. गुटके काढून त्यांनी चाके दोरीने सरळ लावली आणि खुंटांसाठी पोटाखाली जाड पत्रा बसवून दिला. तेव्हापासून कोणी नुसते बघत उभे राहिले, तर हातातले काम थांबवून ते त्याला कारण सांगतात.

करीमभाई आज साठ वर्षांचे होत आहेत. त्यांची नजर आणि गुडघे असेच शाबूत राहोत, त्यांना उदंड आयुष्य लाभो. हे लिहिणारा अजूनही डॉक्टरबाईंचाच ड्रायव्हर आहे.