समुद्राच्या डॉक्टरीणबाई

नाल्याचा पूर ओसरू लागला की त्या चपला काठावर काढून ठेवत, साडी वर खोचून गुडघाभर पाण्यात उतरत आणि तळातला मूठभर गाळ उचलून अंगठ्यानं चोळत. मग काठावरच्या बघ्यांकडे वळून विचारत, "कोणाचं वावर निघालं बे फिराले?"

शेत कधी फिरायला निघतं का! लोक हसत. मीही हसायचो.

त्यांच्याबद्दल मी काही लिहावं, असं मला गावातल्या लोकांनी बऱ्याचदा सांगितलं. मी टाळत आलो. मोतीबिंदू झाला, गुडघे धरले, कारणांना काही तोटा नव्हता. खरं कारण एवढंच की त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर मध्ये मी येतो, आणि तिथं मी काही बरा दिसत नाही. आता वय झालं. तेव्हा जसं झालं तसं सांगून टाकतो.

आमचं गाव जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावात कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. या बाईंनी मात्र सारी नोकरी समुद्रावर काढली. कोकणाच्या किनाऱ्यावर राहून जहाजांवर जायचं, पाणी काढायचं, तपासायचं, हे त्यांचं काम. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर भावाच्या घरी, गावात राहायला आल्या. नावाआधी डॉक्टर लागत असे, म्हणून पहिल्याच आठवड्यात म्हाताऱ्या बायका त्यांच्या दारात येऊन बसल्या. एकीनं गुडघा पुढे केला.

"बाई, मी माणसाची डॉक्टर नाई. समुद्राची हाये."

म्हातारीनं पदर सावरला आणि काळजीनं विचारलं, "काय झालं त्याले?"

ही गोष्ट त्या स्वतःच सांगत आणि सांगताना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत. म्हणत, "इतक्या वर्षांत एकानं तरी बरोबर प्रश्न विचारला."

माझं खत-बियाण्यांचं दुकान नाल्याच्या पुलाजवळ होतं. दुकानासमोर बाक होता. रोज सकाळी फिरून आल्या की त्या त्या बाकावर बसत. मला त्या 'दुकानदार' म्हणत, मी त्यांना 'ताई'. वयानं त्या माझ्याहून थोड्या मोठ्या होत्या, आणि गावची बोली त्यांच्या तोंडून तसूभरही गेलेली नव्हती. पुण्या-मुंबईच्या लोकांपुढेही आपण असंच बोलायचो, असं त्या सांगत. "हसत होते लोक. पण वादळात जहाज डोललं का सारेच सारखे वकत होते. तवा कोणाची भाषा शुद्ध राहत नाई."

पहिल्या वादळात त्यांनी स्वतःला चादरीनं पलंगाला बांधून घेतलं होतं आणि गावच्या मारुतीला नारळ बोलल्या होत्या. "फोडला का मग?" मी विचारलं. "दुसऱ्या दिवशी समुद्र इतका हिरवा झाला, इतकी मासोळी आली, का मी इसरूनच गेली." गावात राहायला आल्यावर त्यांनी तो नारळ फोडला. मारुतीला म्हणाल्या, उशीर झाला, पण व्याज मागू नको.

त्या बाकावर मला जे शिकायला मिळालं ते शाळेत मिळालं नव्हतं. जमीन संपली की समुद्र एकदम खोल होत नाही, हे मला माहीत नव्हतं. घराला जसा ओटा असतो, तसा समुद्रालाही असतो, त्या म्हणत. दूरवर उथळ पाण्याचा ओटा, आणि त्याच्या पुढे खोल. बहुतेक मासोळी या ओट्यावरच जगते. आणि ओट्यावर काय येऊन पडेल, हे नद्या ठरवतात.

"आपला नाला पूर्णेत जाते. पूर्णा तापीत. तापी खंभातच्या आखातात. पाऊस येते पूर्वेकडच्या उपसागरातून अन् पाणी जाते पश्चिमेच्या समुद्रात. एका दारानं येणं, दुसऱ्या दारानं जाणं. आपण मधातली खोली."

हे ऐकून मला उगाच मोठं वाटलं होतं. आमच्या पुलाखालचं पाणी आखातात जातं! पण त्या तिथंच थांबत नसत. पाण्याबरोबर अजून काय जातं, हे दाखवायला त्यांनी माझ्याच दुकानाच्या कट्ट्यावर दोन काचेच्या बरण्या ठेवल्या. दोन्हींत नाल्याचं पाणी. एकीत माझ्याच पोत्यातलं चिमूटभर खत. दोन्ही उन्हात. काही दिवसांत खताची बरणी हिरवीगार झाली. आणखी काही दिवसांत ते हिरवं खाली बसलं, सडलं, आणि असा वास सुटला की गिऱ्हाईक नाक धरून उभं राहू लागलं.

"ताई, माझा धंदा बसवता काय?"

"अशी जाहिरात कोणी फुकट करून देईल काय, दुकानदार? पाहा, तुमच्या मालानं किती वाढते!"

मग गंभीर होऊन म्हणाल्या, "समुद्रात असंच होते. पहिले वाढते, मंग मरते, मंग सडते. सडताना खालच्या पाण्यातला श्वास खाऊन टाकते. वर नदीचं गोडं, हलकं पाणी झाकणासारखं बसलेलं असते, मंग वरून हवा खाली जाईना. ओट्यावरची मासोळी घुसमटते."

मला समजलं. अगदी नीट समजलं. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

त्यांना गावाकडून फार काही नको होतं. नाल्याच्या दोन्ही काठांना लोक अगदी पाण्यापर्यंत नांगरत. त्यांचं म्हणणं, काठची चार तासं, म्हणजे नांगराच्या चार ओळी, सोडा, तिथं मारवेल गवत लावा. पुराचं पाणी गवतातून जाईल, गाळ तिथंच टाकेल. आणि खत टाकायचं ते आभाळ पाहून टाका, मोठ्या पावसाच्या आधी नको. "समुद्राचं नंतर पाहू," त्या म्हणत. "पहिले तुमचं वावर तुमच्यापाशी राहू द्या." त्या घरोघर फिरल्या. पुंडलिक नावाचा एक शेतकरी, त्याचं वावर नाल्याच्या वळणावर होतं. तुसडा माणूस, पण तोच आधी हो म्हणाला. मग त्याचं पाहून इतर काही जण तयार झाले.

सगळ्यांसमोर एकदा नीट सांगावं म्हणून पेरणीआधी मारुतीच्या पारासमोर सभा ठरली. ताईंनी मिठाईवाल्याची जुनी काचेची पेटी आणली. तिच्या फटी बुजवायला मी मदत केली. माझ्या बायकोनं घरची रवी दिली. आदल्या दिवशी ताई म्हणाल्या, "दुकानदार, ती हिरवी बरणीही घेऊन या. तिले पाहिल्यावर मले बोलाची गरज पडणार नाई."

मी म्हणालो, "बरणी सांडली, ताई."

सांडली नव्हती. मीच ती त्या सकाळी नाल्यात रिकामी केली होती. हंगामाचा माल नुकताच भरला होता, गोदामात पोती छतापर्यंत लागली होती. सभेला माझी सारी गिऱ्हाईकं येणार होती.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "रवीवर भागवू."

आणि खरंच भागवलं. पेटीत खड्या मिठाचं पाणी, त्यात नीळ. वरून त्यांनी पळीच्या पाठीवरून काळ्या मातीचं गढूळ पाणी हळूच सोडलं. ते खाली गेलं नाही. निळ्यावर काळा थर तरंगत राहिला, तापल्या दुधावर साय धरावी तसा. लोक उठून पुढे आले. मग त्यांनी रवी घेतली आणि पेटीत घुसळली. "हे वादळ." काळं-निळं एक झालं. "खालचं खाणं वर येते, वरचा श्वास खाली जाते. तळाचा गाळही उठते."

कोणीतरी विचारलं, "मंग वादळ चांगलं का वाईट?"

"सासूसारखं. घरात असली तर नको वाटते, नसली तर घर चालत नाई."

बायकांच्या बाजूनं मोठा हशा उठला. एका तरुणानं विचारलं, "मधात धरणं हायेत ना, ताई? सारं तथीच अडत असन."

"माती बरीच अडते. धरणही बुजते तिच्यानं. पण पाण्यात विरघळलेलं खत कोणतं धरण अडवते?"

सभा त्यांच्याकडे वळली होती. पुंडलिक हात बांधून मान हलवत होता. मी ते पाहिलं आणि उठून उभा राहिलो.

"ताई, तुमी समुद्रावर पगार घेतला, आमाले वावरावर जगा लागते. खंभातच्या मासोळीचं पोट भराले आमच्या पुंडलिकनं चार तासं सोडाची काय? मासोळी येईन काय त्याच्या पोरीच्या लग्नात आहेर घेऊन?"

असा हशा झाला, अशा टाळ्या पडल्या! उभ्या आयुष्यात माझ्या बोलण्याला तशा टाळ्या मिळाल्या नव्हत्या. मग मी आणखी बोललो. शहरातले लोक येतात, शेतकऱ्यालाच गुन्हेगार ठरवतात, असं काहीतरी. पुंडलिकची मान हलायची थांबली. ताईंनी मला तोडलं नाही. माझं संपेस्तोवर थांबल्या, पेटीतलं खारं पाणी रस्त्याकडेला ओतलं आणि पदराला हात पुसले.

पेटी जड होती. न्यायला दुसरं कोणी पुढे आलं नाही, मीच एका बाजूनं धरली. वाटेत त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "हळू, काच हाये." दारात पेटी टेकवल्यावर म्हणाल्या, "बोलता चांगलं तुमी. मले इतक्या वर्षांत सभेचा कल धरता आला नाई." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकनं नाही म्हणून सांगितलं. मग बाकीच्यांनीही. ताईंनी भावाच्या वावराच्या काठाला एकट्यानं मारवेल लावलं. लोक त्याला 'नाल्याची दाढी' म्हणू लागले. पोरं पुलावरून ओरडायची, "डॉक्टरीणबाई, दाढी कदी करता?" त्या खुरपं वर करून सांगायच्या, "तुले मिशी फुटली का दोघांची मिळून करू!" सकाळी माझ्या बाकावर त्या पूर्वीसारख्याच येत. माझंच बोलणं कमी झालं होतं.

त्यानंतरच्या वर्षी सातपुड्यावर ढग आपटले. नाला असा आला की पूल दिसेना. पाणी उतरल्यावर पुंडलिकच्या वावरात वळणावरची सारी काळी माती गेली होती. गोटे उघडे पडले होते. ताईंच्या भावाच्या वावरातही पाणी घुसलं, पीक आडवं झालं. पण गवतानं माती धरली होती. गवताच्या आत हातभर गाळ साचला होता, त्यात पुंडलिकचंही वावर असणारच. पुंडलिक कमरेवर हात ठेवून त्या दोन वावरांच्या मध्ये उभा होता. उघडा पडलेला एक गोटा त्यानं उचलून पाहिला आणि टाकून दिला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

माझ्या गोदामातही पाणी शिरलं. खालच्या थरातली पोती विरघळून नाल्यात गेली. आम्ही गाळ उपसत होतो तेव्हा ताई घमेलं घेऊन आल्या. आल्या आणि लागल्या कामाला. 'मी सांगतलं होतं' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकायला तयार होतो. ते त्यांनी मला सांगितलं नाही, पुंडलिकला नाही, गावात कोणालाच नाही. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील, पण फार नसतील. आपलं खरं ठरल्यावर गप्प राहणं मला तरी जमलं नसतं.

भरल्या घमेल्यासह त्या माझ्याजवळून जाताना मी म्हणालो, "ताई, त्या सभेत..."

"पहिले आतला कोरडा माल बाहेर काढा," त्या म्हणाल्या. "बोलण्यानं गाळ निघत नाई." आणि पुंडलिकलाही हाक मारली, "ये रे, इकडून धर." तो आला. माझ्या गोदामातली पोती त्यानं धरली. मी वाक्य अर्धंच सोडून दुसरी बाजू धरली.

पुढच्या उन्हाळ्यात पुंडलिकनं तलावातला गाळ आणून गोट्यांवर पसरायला घेतला, आणि काठची चार तासं सोडली. त्याला गवताची ठोंबं ताईंनीच उपटून दिली. त्याचं पाहून आणखी काहींनी सोडली. आज पुलावर उभं राहिलं की दोन्ही काठांना ते गवत दिसतं. गाव म्हणतं, पुंडलिकनं आणलं. ते खरं नाही. ते त्यांनी आणलं, आणि दोन वर्षं उशिरा आलं ते माझ्यामुळे.

मग त्या आजारी पडल्या. भाचीनं अकोल्याला दवाखान्यात नेलं. मी एसटीनं गेलो. रस्ताभर एकच वाक्य मनात घोळवत होतो. खोलीत गेलो तर त्या उशीला टेकून बसल्या होत्या, अर्ध्या झालेल्या. मला पाहून त्यांनी विचारलं, "पुंडलिकच्या वावरात माती बसली का?"

"बसून राह्यली, ताई. हरभरा पेरला त्यानं."

त्यांनी डोळे मिटले आणि हसल्या. भाची चहा घेऊन आली. मी चहा प्यालो. खिडकीबाहेर पाहिलं. आणलेल्या संत्र्यांची पिशवी इथून उचलून तिथं ठेवली. नर्स आली, गेली. शेवटी उठलो आणि म्हणालो, "येतो, ताई."

"सावकाश जा. रस्ता खराब हाये."

मी सावकाश आलो. थोड्याच दिवसांत त्या गेल्याचा फोन आला.

जे वाक्य घेऊन मी अकोल्याला गेलो होतो आणि तसंच परत घेऊन आलो, ते आज इथं लिहून ठेवतो. ताई, तुमचं म्हणणं मले त्या सभेच्या आधीच पटलं होतं. मी टाळ्यांसाठी अन् गोदामातल्या मालासाठी उभा राह्यलो. मले माफ करा.