वखारीतला पहिला जाळ

पूर्णा गावात चंद्रभानचा धाक पोलिसांपेक्षा जास्त होता, निदान बिडी ओढणाऱ्यांना तरी. निजामाच्या काळातल्या लाकडाच्या वखारीची त्यानं चाळीस वर्षं राखण केली. दारातच तो गिऱ्हाइकाच्या खिशातली काड्यापेटी काढून घ्यायचा. एकदा खुद्द मालकाची घेतली.

"अरे, वखार माझी हाय!" मालक ओरडले.

"आगीला कुठं ठावं असतंय, मालक?"

पुढं लोक लोखंडी चौकटी बसवायला लागले, प्लायवूडचे पलंग आले आणि वखार बसली. मालकाच्या पोरानं आत भिंती घालून तिच्यात चार घरं काढली. त्यातलं एक चंद्रभानच्या मुलानं, आदिनाथनं घेतलं. दगडी भिंती, सागाच्या तुळया तशाच. खाली फरशी, ओटा, वर माळ्यावर झोपायची खोली. लाकूड वाळावं म्हणून भिंतीत ठेवलेल्या झरोक्यांना आता काचा लागल्या. म्हातारा रोज येऊन तुळया थोपटायचा, गवंड्याला शिव्या घालायचा. सगळ्यांना वाटलं, स्वारी खूश आहे.

वास्तुशांतीला खरं काय ते कळलं. होम अंगणात झाला, कारण यानं भटजींनाही आत धूर करू दिला नाही. आता ओट्यावर दूध उतू घालवायचं, तर हा शेगडीपुढं आडवा.

"मामा, सरका की," सून दिपाली म्हणाली.

"आत जाळ न्हाई. तुमी ऱ्हावा खुशाल. मी जातो आपल्या जुन्या खोलीवर."

"मग आमी काय जन्मभर डबा आणून खायचा?" आदिनाथ वैतागला. "साग हाय बाबा, रॉकेल न्हाई!"

"चाळीस वर्षं ठिणगी पडू दिली न्हाई, म्हणून तर घर करायला उरलंय तुला."

खरंच होतं ते. दिपालीनं हातातला लायटर ओट्यावर ठेवला.

"जाळ तर रोज व्हनार, मामा. तुमी तिकडं गेल्यावर इथं नजर कोण ठेवल? हे?" तिनं नवऱ्याकडं बघितलं. "ह्यान्ला दूध उतू गेलेलं सुदिक कळत न्हाई."

म्हातारा अडकला. मग त्यानं पाण्याची बादली आणवली, वाळूची पाटी आणवली, आदिनाथला नळाचा पाईप धरून उभं केलं आणि लायटर उचलला. चौथ्या खटक्याला जाळ लागला. दूध वर चढलं तसे सगळ्यांनी हात जोडले. याचा एकट्याचा हात गॅसच्या बटणावर. पहिला ओघळ आला न आला तोच यानं बटण फिरवलं.

"तुमचं अंथरूण माळ्यावर टाकू ना, मामा?"

"माळ्यावर कशाला?" चंद्रभान म्हणाला. "हितं टाक, ओट्यापाशी."