नांदेडला दिलेली मुलगी

गेल्या वर्षी महिनाभर मी सरकारी कागदांनुसार धायरीत राहत नव्हते. माझं लग्न झालं होतं आणि मी नांदेडला संसार करत होते. प्रत्यक्षात मी धायरीतच होते आणि पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन रोज कोथरूडपर्यंत चालत होते. (तांदळाचा लग्नाशी संबंध नाही.)

तांदळाचं कारण पोर्तुगाल. तिथे समुद्राच्या कडेने एक लांबच लांब पायवाट आहे. एका संस्थेने वेगवेगळ्या देशांतले बारा विद्यार्थी निवडले होते. तीन आठवडे चालायचं, वाटेवरच्या खुणा रंगवायच्या, राहणं-खाणं आणि विमानाचं तिकीट त्यांचं. भूगोलाच्या सरांनी माझा अर्ज भरला आणि, कशी कोण जाणे, माझी निवड झाली. अट एकच. महिनाअखेरपर्यंत पासपोर्टचा नंबर कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. मी पासपोर्टसाठी अर्ज केला आणि पाठीला ओझ्याची सवय व्हावी म्हणून सॅकमध्ये तांदूळ भरला.

आईला हे काही पटलं नाही. ती कोथरूडच्या एका सोसायटीत चार घरी पोळ्या करते. एका बिल्डिंगमधून दुसऱ्या बिल्डिंगमध्ये दिवसभर चालतच असते.

"चालायला परदेशात?" ती म्हणाली. "इथं काय चालणं कमी हाय का?"

"तिथे समुद्र आहे, आई."

"मग पोहायला जा."

 पप्पा त्याच सोसायटीत वॉचमन आहेत. अठरा वर्षं. 'कोण? कुठून? कुणाकडे?' हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ते घरी आलेल्या पाहुण्यांनाही पाणी देत नाहीत.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी सांगते ते खरं, असं घरात आणि गल्लीतही मानलं जातं. सगळा घोळ तिथूनच झाला. दिवाळीनंतर आमच्या कॉलेजने ऑनलाइन फसवणुकीवर जनजागृती केली होती. मी आमच्या गल्लीत खुर्चीवर उभी राहून भाषण केलं. "कोणी पोलीस असल्याचं सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. ओळखपत्रंही खोटी छापून मिळतात. घरातल्या कुणाचीही माहिती देऊ नका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, भाषण कुणी मनावर घेतलं नसेल.

अर्जानंतर काही दिवसांनी मला फोन आला. "पोलीस स्टेशनातून बोलतोय. तुमची कागदपत्रं घेऊन या."

मी शांतपणे म्हणाले, "काका, दुसरा धंदा शोधा." आणि नंबर ब्लॉक केला. (सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, शाब्बास.)

पुढच्या बुधवारी पप्पांची सुट्टी होती आणि मी तांदूळ घेऊन चालायला गेले होते. संध्याकाळी परत आले तर पप्पा दारात उभे. चेहऱ्यावर असा आनंद मी बारावीच्या निकालानंतर पाहिला नव्हता.

"आज एकाला परत पाठवला," ते म्हणाले.

"कुणाला?"

"चौकड्याचा शर्ट, पायात चप्पल. म्हणतो, पोलीस हाय. प्रज्ञा इथंच राहते का? मी म्हटलं, कोण, कुठून, कुणाकडे? त्यानं ओळखपत्र काढलं. मी म्हटलं, असली छापून मिळतात, आमच्या पोरीनं सांगितलंय."

"मग?"

"मग तो म्हणाला, म्हणजे मुलगी आहे. मी म्हटलं, नाही. आम्हाला मुलगीच नाही."

मी सॅक खाली ठेवली. "पप्पा, त्याच्याकडे फाईल होती का?"

"होती. हिरवी."

"त्यात माझा फोटो?"

"होता की. म्हणून तर संशय आला."

तेवढ्यात शेजारच्या सुमनमावशी आल्या. त्याही खूश होत्या. "माझ्याकडे पण आला होता," त्या म्हणाल्या. "नुसतं नाही म्हटलं असतं तर गेला नसता. मी सांगितलं, होती एक, पण लग्न झालं. नांदेडला दिली. जावई बँकेत हायेत."

(मावशींनी निदान स्थळ तरी बरं पाहिलं होतं.)

मी पप्पांना पासपोर्टची चौकशी म्हणजे काय ते समजावलं. अर्ज केला तेव्हाच समजवायला हवं होतं. पण मलाही ते नीट माहीत नव्हतं आणि माहीत नाही असं सांगायची घरात मला लाज वाटते. पप्पा खाली बसले.  रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते माझ्याबरोबर पोलीस स्टेशनात आले. टेबलामागे कालचे चौकड्याच्या शर्टातले गृहस्थ होते, पप्पांनी लगेच ओळखलं. आज गणवेशात.

"या," ते म्हणाले. "नांदेडहून कधी आलात?"

मी सगळं सांगितलं. भाषणाचं, फोनचंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. "दुसरा धंदा शोधायला सांगणाऱ्या आपणच का?"

"हो, सर."

"शोधतोय. अहवाल वर गेला. आपण दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. आता पासपोर्ट ऑफिसला जा, ते पुन्हा चौकशी लावतील."

"किती दिवस लागतील?"

"मिस्टरांना विचारा. बँकेत आहेत ना."

मग पप्पा पुढे झाले. गेटवर ते कुणापुढे वाकत नाहीत, पण तिथे त्यांचे हात आपोआप जोडले गेले. "साहेब, मुलगी माझीच हाय. मीच नाही म्हणालो."

"लेखी द्या."

रजिस्टरमध्ये लिहितात तशा सुट्ट्या, टपोऱ्या अक्षरांत पप्पांनी लिहिलं, 'सदर मुलगी माझीच आहे.' खाली सही केली. सवयीने पुढे वेळही टाकली.

परतताना बस थांब्यापर्यंत ते माझ्या मागे चालत होते. थांब्यावर आल्यावर म्हणाले, "अठरा वर्षांत चुकीचा माणूस आत सोडला नाही. बरोबर माणूस पहिल्यांदाच बाहेर ठेवला."

मी 'जाऊ द्या' म्हणायला हवं होतं. मी बस येतेय का ते बघत राहिले.

महिनाअखेर आली आणि गेली. माझी जागा दुसऱ्या कुठल्या तरी देशातल्या मुलीला मिळाली. पासपोर्ट आला तो बाकीचे चालायला लागले त्याच आठवड्यात. निवड झालेल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून माझं नाव काढायला कुणीतरी विसरलं होतं, त्यामुळे फोटो येत राहिले. निळा समुद्र, कडा, दगडावरची ताजी खूण. आईने फोन हातात घेतला. "पायवाटच हाय की," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने तोच फोटो पुन्हा मागितला आणि बोट लावून माणसं मोजली. बारा भरली.

तांदूळ तिने खिचडीला काढला. माझ्या पाठीवर फिरून निम्म्याची कणी झाली होती.

पासपोर्ट मी तेव्हापासून बॅगेतच ठेवते. का, ते विचारू नका. परवा पप्पा डबा विसरले म्हणून मी द्यायला गेले. सोसायटीत नवा नियम आलाय, ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही. गेटवर पप्पा, आणि मागे चेअरमन फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होते.

"ओळखपत्र?" पप्पा म्हणाले.

"पप्पा, मी आहे."

"माहितीये. ते बघतायत."

आधार कार्ड घरी राहिलं होतं. मी पासपोर्ट काढून दिला. पप्पांनी हात पँटला पुसून तो घेतला. फोटो पाहिला, मला पाहिलं. मग एकेक कोरं पान उलटत शेवटपर्यंत गेले आणि रजिस्टर पुढे केलं. 'कुणाकडे' या रकान्यात मी लिहिलं, 'वडील'.

"तिथं फ्लॅट नंबर लागतो," पप्पा हळूच म्हणाले.

फ्लॅट नंबर आमच्याकडे नव्हता. चेअरमनना विचारायचं म्हणून त्यांचा फोन संपेपर्यंत मी वीस मिनिटं उन्हात उभी होते. माझ्या पासपोर्टची आजवर झालेली ही एकमेव तपासणी. शेवटी डबा आत गेला आणि मला सीमेवरूनच परत पाठवलं.